तान्हूबाईला नंबर शेवटचा हवा

"अवं वकीलबाई, माझं नाव काढा की तिथनं! शेवटाला टाका, पहिल्यासारखं!"

तान्हूबाई कोर्टाच्या पायरीवर उभी राहून माझ्यावर तापली होती. मला वाटलं होतं, बाई खूश होईल. दिवसाच्या केसेसच्या बोर्डावर तिचं नाव सगळ्यात वर लागावं म्हणून मी ऑफिसात चकरा मारमारून सगळ्यांना जेरीस आणलं होतं. म्हातारं माणूस, लांबून पहिल्या एसटीने येतं, दिवसभर व्हरांड्यात बसतं आणि शेवटी हातात काय, तर पुढची तारीख. आता नवी पद्धत आलीच आहे, तर तिचा फायदा आपल्या अशिलाला मिळू दे, असं मला वाटलं. आणि ही बया माझ्यावरच उखडली!

"तान्हूबाई, डोकं ठिकाणावर आहे ना? सकाळीच मोकळ्या व्हाल. दुपारच्या एसटीने घरी."

"घरी जाऊन काय करू? म्हशीच्या तोंडाकडं बघत बसू?"

"मग इथे बसून तरी काय करता?"

यावर तिने पदर कपाळापर्यंत ओढला, पायरीवर बसली आणि तोंड फिरवून म्हणाली, "तुमास्नी न्हाई कळायचं. तुमी शिकलेल्या."

मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या कोर्टातली एकुलती एक बाई वकील होते. त्यामुळे नवऱ्याने टाकलेल्या, दिराने हाकललेल्या, भावाने डावललेल्या साऱ्या बायका माझ्याच टेबलाशी यायच्या. तान्हूबाई मात्र स्वतःहून आली नव्हती. तिच्या दत्तूने, म्हणजे मुलाने, तिला आणली होती. तिचा भाऊ वारला, आणि माहेरच्या जमिनीत हिचा हिस्सा आहे की नाही यावरून दत्तू आणि भावाचा मुलगा विलास यांची जुंपली. दत्तू म्हणाला, आईचा हक्क आहे. विलास म्हणाला, आत्याला साडीचोळी कधी कमी केली का, की आज हक्क काढता? शब्दाने शब्द वाढला. दोघांनी एकमेकांच्या दारचं पाणी सोडलं आणि वाटपाचा दावा कोर्टात आला. वादी तान्हूबाई, प्रतिवादी तिची भावजय सगुणाबाई. भांडत होती पोरं आणि कागदावर नावं होती दोन म्हाताऱ्यांची.

दावा चांगला रुजला. आमच्याकडे दावे रुजायचेच. सकाळी पुकारा व्हायचा तेव्हा सारा तालुका व्हरांड्यात जमलेला असायचा. कुणाची केस चालेल, कुणाची नाही, हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं. साक्षीदार आला तर वकील नाही, दोघे आले तर साहेबांना वेळ नाही. लोक शेंगा खात, बिड्या ओढत, बसल्या जागी पेंगत दिवस काढायचे आणि तारीख घेऊन जायचे.

मग न्यायाधीश म्हणून बदलून आले सोनटक्केसाहेब. किरकोळ अंगाचे, आवाज बारीक, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. आमच्या वकिलांच्या बारचे अध्यक्ष मोहोळकर वकील पहिल्याच दिवशी म्हणाले, "हा माणूस वारा आला तर उडून जाईल." मोहोळकर सगुणाबाईच्या बाजूने होते. माणूस तिरसट, पण कामाला पक्का.

सोनटक्केसाहेबांनी आल्या आल्या कुणाला झापलं नाही, की फर्मान काढलं नाही. आधी नुसतं बघत राहिले. मग एक दिवस स्वतः उठून बाररूममध्ये आले, आमच्याबरोबर तो काळाकुट्ट चहा प्यायले आणि म्हणाले, "मला एक करून बघायचंय, पण तुमच्याशिवाय जमणार नाही. अर्ध्या केसेस सकाळी ठेवू, अर्ध्या जेवणानंतर. जी चालणार नाही ती आदल्या दिवशीच सांगायची. माणसाला फुकट बसवायचं नाही."

मोहोळकर हसले. "साहेब, पक्षकार दिवसभर बसला नाही तर केस चालली असं त्याला वाटतच नाही. आणि वकिलाने काम केलं असंही वाटत नाही!"

सगळे खो खो हसले. साहेबही हसले. "पावसाळ्यापर्यंत करून बघू या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं. बोर्ड मी स्वतः पुसतो."

आता असं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आणि काय सांगू, जमायला लागलं. कोण कुठल्या वेळेला हे आम्ही वकीलच आपसात बसून ठरवायचो, त्यामुळे कुणाची कुरकुर नव्हती. मोहोळकर तर दुपारी घरी जाऊन जेवायला लागले. त्यांची बायको म्हणे घाबरलीच, की ह्यांना बरंबिरं नाही की काय.

साहेबांची दुसरी तऱ्हा म्हणजे जुने दावे. एकेक जुना दावा काढायचे, वकिलांना बसवायचे आणि पक्षकारालाच पुढे बोलावून विचारायचे, "हा दावा संपायला तुम्हाला काय पाहिजे?" बस, एवढंच. लोक आधी गांगरायचे. कोर्टात असं कुणी विचारतं होय? मग हळूहळू बोलायचे. एकाला नुसता बांधावरून बैलगाडीचा रस्ता हवा होता, एकीला भांड्यांवर आपलं नाव.

आमच्या दाव्यातही विचारलं. दत्तू म्हणाला, "आईचा हक्क हाय तो हक्क म्हणून द्या. उपकार म्हणून नगं." विलास म्हणाला, "घरात वाटणी घालू नका. बापाचं घर हाय." साहेबांनी तान्हूबाईला विचारलं. ती म्हणाली, "माझं काय न्हाई. ल्योक सांगल ते." सगुणाबाईही तेच म्हणाली. दोघी कोर्टाच्या दोन टोकांना, एकमेकींकडे पाठ करून उभ्या असायच्या. कुणाला वाटावं, जन्माचं वैर.

एवढं कळल्यावर तडजोड व्हायला कितीसा वेळ लागतो? ओढ्याकाठचं रान तान्हूबाईला, घर आणि वरचं रान सगुणाबाईला. दत्तू राजी, विलास राजी. मी आणि मोहोळकरांनी मिळून कागद केला. साहेब लहान पोरासारखे खूश झाले होते, कारण कोर्टातला हा सगळ्यात हटवादी दावा म्हणून नावाजलेला होता. बाररूममध्ये पैजा लागल्या होत्या. हा मिटला तर सोनटक्क्यांची पद्धत खरी, नाहीतर पावसाळ्यानंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि त्या दिवशी, सगळे जमलेले असताना, तान्हूबाईने अंगठा द्यायला नकार दिला.

"न्हाई देत," ती म्हणाली.

"आई, अगं सगळं ठरलंय!" दत्तू पुढे झाला.

"तुजं ठरलंय. मी न्हाई देत."

"रान कमी वाटतंय का?" मी तिच्या कानाशी लागले. "मोजणीबद्दल शंका आहे का?"

"रानाला काय करायचंय? रान चांगलं हाय."

"मग अडलंय कुठे?"

"दावा चालू दे की. चालू हाय तर कुणाचं काय जातंय? तारीख द्या म्हणावं सायबाला."

कोर्टात खसखस पिकली. मागे कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला तारखेची गोडी लागलीय." दत्तूचं तोंड लाल झालं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सोनटक्केसाहेबांनी चष्मा वर सरकवला, तान्हूबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "घाई नाही. जेवणानंतर पुन्हा पुकारा करा."

मी डबा उघडला नाही. तणतणत तान्हूबाईला शोधायला निघाले. व्हरांड्यात नाही, चहाच्या टपरीवर नाही. दत्तूला विचारलं तर म्हणाला, "पाणी प्यायला गेली असंल. तिला सोडा आता, माझं डोकं फिरवलंय तिनं."

कोर्टाच्या मागे पाण्याची टाकी होती आणि तिच्या पलीकडे जुन्या रेकॉर्ड रूमची भिंत. त्या दोन्हींच्या मधे सावलीची बोळ पडायची. पुरुष माणूस तिकडे जायचा नाही, कारण बायकांची मोरी तिथेच होती. मी टाकीला वळसा घातला आणि जागच्या जागी थांबले.

तान्हूबाई जमिनीवर पाय पसरून बसली होती. पदर खांद्यावर उतरलेला, केस मोकळे. तिच्या मागे टाकीच्या कट्ट्यावर सगुणाबाई बसली होती. मांडीशी तेलाची बाटली, हातात लाकडी फणी. ती तान्हूबाईचे केस विंचरत होती.

आता सांगते. एक गोष्ट मी कितीतरी दिवस बघत आले होते. तान्हूबाईचा उजवा खांदा धरला होता, हात डोक्यापर्यंत जायचा नाही. तारखेला सकाळी यायची तेव्हा डोक्यावर कसातरी गुंडाळलेला बोळा असायचा, बटा बाहेर. संध्याकाळी जायची तेव्हा चापूनचोपून तेल लावलेला घट्ट बुचडा. मला वाटायचं, बसल्या बसल्या कुणी ओळखीपाळखीची घालून देत असेल. आणि नवी पद्धत आल्यापासून ती सकाळी यायची तशीच परत जायची, विस्कटलेली. सकाळच्या वेळेतच काम उरकायचं, लगेच दत्तू हाताला धरून एसटीकडे. तिकडून विलास आपल्या आईला मोटारसायकलवर बसवून पसार.

"हळू वढ गं," तान्हूबाई म्हणत होती. "केस ऱ्हायलेत किती, त्ये बी काढतीस."

"गप बस. जटा झाल्यात जटा. सून इंचरत न्हाई व्हय?"

"इंचरती की. तिच्या हाताला घाई. फणी घालती ती गवतात इळा घातल्यावानी." मग जरा थांबून म्हणाली, "सगुणे, ती अंगठा दे म्हणत्यात."

"मग दे की."

"आणि मग?"

फणी तेवढी चालत राहिली.

"आणि मग गं?" तान्हूबाईने पुन्हा विचारलं. "तुजा इलास मला दारात हुबी करंल? माझा दत्तू तुला? मेल्यावर खांद्यावरनं जाताना बघायचं का मग एकमेकीला?"

सगुणाबाईची फणी थांबली. तिने नणंदेचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या गुडघ्याला टेकवलं. दोघी रडत होत्या, पण आवाज नव्हता. आवाज बाहेर जाऊ न देता रडायची सवय असते बायकांना.

मला पाहिलं तशा दोघी दचकल्या. सगुणाबाईने झटकन फणी पदराखाली लपवली, चोरी पकडल्यासारखी.

"बाई, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली, "पोरास्नी सांगू नगा."

मी तिथेच मातीत बसले. काळा कोट, पांढरी साडी, सगळं घेऊन. तिने मग सांगितलं. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा परकर-पोलक्यातून नुकती बाहेर पडली होती. सासू कडक. रात्री आईच्या आठवणीने रडायची, तर तान्हू आपल्या वाकळेत घ्यायची. सकाळी एकमेकींच्या वेण्या घालायच्या. पुढे तान्हूची दोन्ही बाळंतपणं सगुणाबाईनेच केली. "ह्यो दत्तू," ती म्हणाली, "पयल्यांदा माझ्या हातात आलाय. आता मला बघून थुकतो."

मी उठले आणि तडक साहेबांच्या चेंबरकडे निघाले. वाटेत मोहोळकर दात कोरत उभे दिसले. समोरच्या वकिलाशिवाय साहेबांकडे जायचं नाही, म्हणून त्यांनाही ओढलं. पोरांच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून आधी एवढंच म्हणाले, "साहेब, ह्या दोघींना तुम्ही विचारलंत, पण पोरं पुढ्यात असताना विचारलंत. आता एकटं विचारा."

आणि मग मला राहवलंच नाही. टाकीमागचं सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे," ते म्हणाले, "लोकांना फुकट बसायला नको म्हणून मी एवढी उठाठेव केली आणि ह्यांचं नेमकं तेच काढून घेतलं."

"पद्धत चूक नाही साहेब," मोहोळकर खाकरले. मी चमकून बघितलं. हे मोहोळकर बोलताहेत? "दोन बायकांना भेटायला कोर्टाची मोरी लागावी, ही चूक आहे. आणि ती आपल्या बोर्डावरची नाही."

जेवणानंतर पुकारा झाला. साहेबांनी दत्तू आणि विलासला मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि दोघींना पुढे बोलावलं. आधीसारख्या टोकाला नाही, शेजारी शेजारी. मग त्याच बारीक आवाजात विचारलं, "हा दावा संपायला तुम्हाला काय पाहिजे? तुमच्या मुलांना नाही. तुम्हाला."

तान्हूबाईने मागे वळून लेकाकडे पाहिलं. मग सगुणाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला, सगळ्यांच्या देखत, आणि तान्हूबाई बोलली.

"सायेब, दावा संपला की आमची गाठभेट संपली. तारीख हाय म्हणून ही दिसती मला. मला रान नगं, घर नगं. मला माहेराला जायचंय."

मघाशी हसलेले लोक खाली बघत होते. दत्तूने टोपी काढून हातात घेतली होती आणि ती नुसती चुरगळत होता.

"लिहून घ्या," साहेब म्हणाले. "तडजोडीत एक कलम वाढवायचंय. मोहोळकर, तुम्ही सांगता?"

मोहोळकर उभे राहिले, कोट सारखा केला आणि घडाघडा सांगायला लागले. असलं कलम त्यांनी उभ्या जन्मात घातलं नसेल, पण भाषा तीच, रस्त्याच्या नि विहिरीच्या कलमांची. "घरापुढील अंगण व ओसरी येथे वादी तान्हूबाई हिला येण्याजाण्याचा व राहण्याचा हक्क राहील. दरसाल नागपंचमीस व इतर वेळी तिच्या इच्छेनुसार. त्यास कोणीही हरकत करू नये. प्रतिवादी सगुणाबाई व तिचे वारस यांनी तिला सन्मानाने आणावे, तिची यथायोग्य उठबस करावी व पोचवावे."

"आणायचं कुणी?" साहेबांनी मागच्या बाकाकडे पाहिलं.

विलास उठला. "मी आणीन की," तो म्हणाला. "आत्या हाय माझी. मीच आणायचो आधी."

तान्हूबाईने अंगठा दिला. शाईचा हात तिने सगुणाबाईच्या पदराला पुसला, आणि सगुणाबाई म्हणाली, "अगं बया, माझं नवं लुगडं!" तेव्हा सोनटक्केसाहेबही हसले.

सोनटक्केसाहेब पुढे बदलून गेले, पण आमच्या कोर्टातली वेळेची पद्धत टिकली. आसपासच्या कोर्टांत तीच सुरू केली, तर कुठे महिन्यात बंद पडली, कुठे वर्षात. मग आमच्याकडे माणसं यायची विचारायला. तुमच्याकडे कसं काय टिकलं? जास्त स्टाफ मिळाला का? वरून दट्ट्या होता का? मी सांगायचे की साहेब वकिलांकडे चहाला आले, आणि चुकलं तर ते ऐकून घ्यायचे. विचारणाऱ्यांचं समाधान व्हायचं नाही. त्या दुपारनंतर मोहोळकरांनीच बारमध्ये ठराव घातला होता, की म्हाताऱ्या माणसाला वेळ देण्याआधी त्याला विचारायचं. हेही सांगायचे.

तान्हूबाई दर पंचमीला माहेरी जायची. दत्तू सुरुवातीला वेशीपर्यंत सोडायचा, मग दारापर्यंत, मग एका वर्षी जेवूनच आला. दोघी म्हाताऱ्यांना त्या कलमाचा मोठा तोरा होता. तान्हूबाई ओसरीवर ऐसपैस बसायची आणि कुणी सरक म्हटलं की म्हणायची, "हुकूम हाय कोर्टाचा!"

मग सगुणाबाई गेली. मला उशिरा कळलं. पंचमी जवळ आली होती, आणि मनात आलं, आता तान्हूबाईचं काय? त्या घरात आता कुणासाठी जायचं तिने? न राहवून मी गाडी काढली.

विलासचं अंगण सारवलेलं होतं. झाडाला झोका बांधला होता. तान्हूबाई ओसरीच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून, आणि तिच्या मागे विलास बसला होता. चांगला थोराड गडी, कानाजवळचे केस पिकलेले. शेजारी तेलाची बाटली. हातात आईची ती लाकडी फणी. कपाळाला आठ्या घालून तो आत्याच्या चार पांढऱ्या केसांचा बुचडा बांधायला बघत होता, आणि बुचडा काही बसत नव्हता.

"मेल्या, वढू नगंस!" तान्हूबाई ओरडली. "तुज्या आईचा हात असा नव्हता."

मला बघून विलास लाजला. पण फणी खाली ठेवली नाही.

"या वकीलबाई," तो म्हणाला. "मालकीण म्हणली, मी करते. मी म्हणलं, न्हाई. कलमात वारस लिवलंय."